आतलं तेच, कंपनी वेगळी

शेवटी औषध लागू पडलं, साखर ताब्यात आली आणि आमच्या घरात आता माझ्या नावाचा एकच इसम राहतो.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू. मीही ते लिहिलेलं नाही. लिहिलं असलंच तर ते मीच लिहिलं हे सिद्ध करणं मला जड जाईल, आणि सगळी हकीकत त्याच अडचणीची आहे.

मला मधुमेह आहे. "या वयात?" असं लोक विचारतात, जणू मी रांग मोडून पुढे घुसलोय. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांना माझा मधुमेह हा सरळसरळ आगाऊपणा वाटतो. त्यांना स्वतःला तो निवृत्तीनंतर, रीतसर झाला. "आमच्या वेळी साखर व्हायला जन्म जायचा," ते म्हणाले, "तुम्हा पोरांना सगळं आयतं मिळतं."

पहिल्या गोळीने माझ्या साखरेला काही केलं नाही. पोटाला मात्र सगळं केलं. मी बस कंपनीच्या 'हरवले-सापडले' विभागात बसतो. लोक बसमध्ये छत्र्या, डबे, चष्मे विसरतात, त्या वस्तू आमच्या फळ्यांवर येतात, आणि त्या परत मागायला आलेल्या माणसावर संशय घेणं हे माझं काम. "छत्रीची दांडी कशी होती? वाकडी की सरळ? नक्की?" असं विचारलं की खरा मालकसुद्धा घाबरून छत्री माझी नाहीच म्हणतो. मला या कामाचा अभिमान आहे. पण त्या गोळीच्या दिवसांत मी खुर्चीवर कमी आणि कॉरिडॉरच्या टोकाच्या त्या दाराआड जास्त असायचो. साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमच्याकडे सगळं सापडतं, कारकून सोडून." माणसाने किती सहन करायचं याला मर्यादा आहे. मी डॉक्टरांकडे गेलो.

आमच्या डॉक्टर बाई सगळ्यांशी 'आपण'मध्ये बोलतात. आपण वजन कमी करू, आपण जिना चढू. त्या स्वतः कधी आल्या नाहीत. "आपण गोळी बदलून बघू," त्या म्हणाल्या. "ही साखर नीट खाली आणते. पण एक लक्षात ठेवायचं. गोळी घेतली की जेवायचंच. जेवण चुकवलं तर साखर फार खाली जाते. घाम सुटतो, हात कापतात, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. तसं झालं तर ताबडतोब साखर खायची."

यातलं शेवटचं वाक्य मी फार प्रेमाने ऐकलं. आधीची वाक्यं त्या प्रेमात वाहून गेली.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर खोक्यांची इतकी भिंत आहे की औषधवाल्याचं तोंड मी आजवर पाहिलेलं नाही. हात दिसतात आणि आवाज येतो. हातांनी चिठ्ठी घेतली. आवाज म्हणाला, "या कंपनीची संपलीय. बदली देऊ?"

"बदली म्हणजे?"

"आतलं तेच, कंपनी वेगळी."

"फरक पडत नाही ना?"

"आतल्याला पडत नाही," आवाज म्हणाला, आणि हातांनी पाकीट पुढे सरकवलं.

जिन्यात काका भेटले. आमच्या जिन्यात काका भेटत नाहीत असा दिवस नसतो. त्यांनी पाकीट उजेडात धरून पाहिलं. "बदली दिली? सांभाळा. मी उभी हयात नोकरीत काढलीय, मला विचारा. मूळ माणूस रजेवर गेला की बदलीवाला येतो, आणि मूळ माणसापेक्षा चांगलं काम करतो. का सांगा."

"का?"

"त्याला कायम व्हायचं असतं."

मी हसलो. हसणं चुकलंच. पण त्याहून मोठी चूक मी शांतपणे, डोकं वापरून केली. साखर कमी करायची तर गोळी घ्यायची, आणि साखर कमी करायची तर जेवणही कमी करायचं. म्हणजे दोन्ही एकदम केलं तर दुप्पट फायदा. हा शोध मला लागला आणि तो मी कोणालाही सांगितला नाही, कारण मोठे शोध पूर्ण होईपर्यंत गुप्त ठेवायचे असतात. मी दुपारची गोळी घ्यायचो आणि डबा तसाच बंद करून फळीवर, हरवलेल्या डब्यांच्या रांगेत ठेवायचो.

काही दिवसांनी काका जिन्यात भेटले आणि त्यांनी चक्क माझा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"काल किती वेळ बसलात हो! माझी सगळी नोकरी ऐकलीत. अगदी निरोप समारंभापर्यंत."

मला घाम फुटला. काकांची नोकरी उमेदवारीच्या पहिल्या वर्षापुढे या इमारतीत कोणीही ऐकलेली नाही. त्यांनी 'मी रुजू झालो तेव्हा' म्हटलं की माणसं चपला न घालता पळतात. मी तर पळणाऱ्यांचा म्होरक्या.

"मी? काल?"

"आणि मध्येमध्ये 'मग पुढे?' म्हणत होतात," काका म्हणाले. "मला जन्मात कोणी 'मग पुढे?' म्हटलं नव्हतं."

काकांचं वय झालंय असं मी ठरवलं. दुसऱ्याचं वय हे फार सोयीचं स्पष्टीकरण असतं. पण मग ऑफिसात साहेबांनी खोलीत बोलावलं आणि मला पेढा देतात तशा चेहऱ्याने बसायला सांगितलं.

"काल तुम्ही अर्धी फळी रिकामी केलीत! आजवरचा विक्रम आहे."

मी फळीकडे धावलो. एक गृहस्थ छत्री मागायला आले होते, ते पेटी घेऊन गेले होते. वाजवायची पेटी. एका बाईंचा चष्मा हरवला होता. त्यांना दाताची कवळी मिळाली होती. त्यांचे स्वतःचे दात शाबूत होते, तरी त्या जाताना म्हणे काउंटरवरच्या माणसाला आशीर्वाद देऊन गेल्या. कोणालाही एकही प्रश्न विचारला गेला नव्हता. शिपाई सांगत होता, "तुम्ही नुसतं म्हणायचात, बघा, यातलं तुमच्यासारखं काय वाटतं?"

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की दुपारी गोळी घेतली, मग फळ्या जरा लांब गेल्यासारख्या वाटल्या, आणि मग एकदम संध्याकाळ होती. माझा शर्ट घामाने ओला होता आणि वरच्या बटणापर्यंत लावलेला होता. मी ते बटण लावत नाही. त्या बटणाने माझा गळा आवळतो. आणि केसांचा भांग उजवीकडे होता. माझा भांग डावीकडे असतो. कोणी तरी मला आरशात बघून बनवल्यासारखा तो दिसत होता.

घरीही तेच. रविवारी दुपारी मी गॅलरीत भानावर आलो तेव्हा तोंडात साखरेची चव होती आणि समोर दोन कप होते. दुसऱ्या कपासमोरच्या खुर्चीत बायको बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर एक हसू होतं. ते मला बघून विझलं. विझलं म्हणजे हळूहळू गेलं नाही. दिवा घालवावा तसं गेलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. तुझा डोळा लागला होता."

"मग हा कप कोणाचा?"

"तुझाच," ती म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.

आता माझ्या जागी दुसरा कोणी असता तर घाबरला असता. माझ्या जागी दुसरा कोणी होताच, पण तो घाबरत नव्हता असं एकंदर कानावर येत होतं. मला भीती नंतर वाटली. आधी अपमान वाटला. लोकांचं सोडा, पण ज्या इमारतीत मला 'ते तुसडे' म्हणून ओळखतात तिथे समोरच्या वहिनी मला बघून दार बंद करायच्या ऐवजी उघडू लागल्या, आणि मी तोंड उघडताच पुन्हा बंद करू लागल्या. "आज बरं नाही का?" असं त्यांनी मला काळजीने विचारलं. मी पूर्ण शुद्धीत असताना विचारलं. सबंध अंगात साखर खेळत होती तेव्हा मी कडू, आणि साखर संपली की गोड. हा न्याय कुठला?

शेवटी मी साखर मोजायचं मीटर उघडलं. ते जुने आकडे जपून ठेवतं. मी न घेतलेले आकडे त्यात होते. सगळे दुपारचे किंवा संध्याकाळचे. सगळे इतके खाली, की त्यापुढे यंत्राने धोक्याचं चिन्ह टाकलं होतं. म्हणजे मी नसताना माझं बोट धरून कोणी तरी टोचत होतं.

मी बायकोकडे पाहिलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने वर न बघता म्हटलं, "उद्या डॉक्टरांकडे जाऊ. मीही येते."

डॉक्टरांच्या खोलीत टेबलापुढे दोन खुर्च्या असतात. त्या दिवशी तीन होत्या. कोणी तरी बाहेरची उचलून आणली असेल. आम्ही दोघं बसलो आणि तिसरी रिकामी राहिली, आणि तिच्याकडे कोणीच बघत नव्हतं, जरा जास्तच बघत नव्हतं.

डॉक्टरांनी मीटर पाहिलं. मग मला पाहिलं. "आपण जेवत नाही आहोत?"

मी माझा शोध सांगितला. एवढ्या शांतपणे माझं कोणी आजवर ऐकून घेतलं नव्हतं. शोध सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दोष त्या बदली गोळीत आहे," मी घाईने म्हणालो. "कंपनी वेगळी होती."

"गोळी ठीक आहे. दोष उपाशी पोटात आहे. मेंदूला साखर मिळाली नाही की माणूस चालतो, बोलतो, आणि नंतर त्याला काही आठवत नाही. काही जण चिडतात, काही जण रडतात. तुम्ही काय करता?"

मला माहीत नव्हतं. मी बायकोकडे पाहिलं.

"हा छान वागतो," ती म्हणाली.

मग डॉक्टरांनी कागदावर चार चौकोन काढले आणि समजावायला सुरुवात केली. एक औषध साखर लघवीतून बाहेर टाकतं, त्यावर पाणी भरपूर प्यायला लागतं, कधीकधी तिथे जंतुसंसर्ग होतो. एक इंजेक्शन आहे, आठवड्यातून एकदा, त्याने भूकच मंदावते, सुरुवातीला मळमळतं. एक गोळी सौम्य आहे, तिने साखर सहसा फार खाली जात नाही, पण ती फार काही करतही नाही. आणि ही चालू गोळी, जेवण वेळेवर करणार असलात तर कमी मात्रेत.

"आता सांगा," त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय हवंय?"

त्या 'तुम्हाला' म्हणाल्या होत्या. मी दचकलो. डॉक्टरांनी सांगायचं, आपण मान डोलवायची आणि घरी जाऊन मनासारखं करायचं, या पद्धतीवर माझा पूर्ण विश्वास होता. मत विचारलं की मला परीक्षेला बसल्यासारखं होतं.

"मला काय, कुठलंही चालेल," मी म्हणालो. "फक्त मी जिथे असतो तिथे मीच असावं, एवढं बघा."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी बायकोला विचारलं, "तुमचं काय मत? बघणाऱ्या तुम्ही आहात. बदलायचं ना औषध?"

बायको काही बोलली नाही. मी आयुष्यात अनेक शांतता ऐकल्यात, पण या शांततेत माझं नाव मतदानाला टाकलेलं होतं.

"तो ऐकतो," शेवटी ती म्हणाली. "म्हणजे मी बोलत असताना तो माझ्याकडे बघतो. दोन चमचे साखर पाण्यातून दिली की थोड्या वेळाने तो जातो आणि हा येतो. मला माहीत आहे ते. मला पहिल्याच दिवशी कळलं." ती पदराशी नाही, पर्सच्या चेनशी खेळत होती. उघड, बंद. "कधीकधी मी साखर द्यायला जरा उशीर करायचे."

डॉक्टरांचं पेन हलायचं थांबलं. "हे फार धोक्याचं आहे."

"माहीत आहे. म्हणून तर आले." तिने चेन बंद केली. "तो मला 'बाई' म्हणतो, डॉक्टर. 'बाई, तुमचं घर छान आहे.' मी म्हटलं, बाई काय, नाव घे की. तर म्हणाला, आपली ओळख कुठे झालीय? मला वाटलं चेष्टा. मग परवा त्याने विचारलं, तुमचे मिस्टर कधी येतात? मी म्हटलं, येतील एवढ्यात. तो म्हणाला, मग मी थांबतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"थांबला बराच वेळ. भांग पाडून, बटण लावून बसला होता. मग म्हणाला, ते काही येत नाहीत, मी त्यांना बघून येतो. बूट घातले आणि निघाला." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "दारातून नाही. गॅलरीतून."

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

"मी कमरेला मिठी मारून धरलं. एका हाताने साखर कोंबली तोंडात. तो ओरडला नाही, काही नाही. नुसतं म्हणत राहिला, सोडा बाई, मिस्टर बघतील." ती डॉक्टरांकडे वळली. "बदला औषध. तो कितीही चांगला असू दे. हा मला निदान नावाने हाक मारून भांडतो."

माझ्या आजवर झालेल्या स्तुतीत ही सर्वांत मोठी. मी ती टिपून ठेवली आहे.

आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. सौम्य गोळी, सोबत लघवीवाटे साखर काढणारी, जेवण वेळेवर, खिशात साखरेच्या पुड्या, आणि मीटर बायकोच्या ताब्यात. निघताना डॉक्टर म्हणाल्या, "आपण सगळे पुढच्या महिन्यात भेटू." त्यांनी 'सगळे' म्हणताना कुठे पाहिलं ते मी बघितलं नाही.

औषध लागू पडलं. आकडे असे सरळ रेषेत आले की मीटर बिघडलंय की काय असं वाटावं. मी दुपारचा डबा खाऊ लागलो, लोकांना छत्रीची दांडी विचारू लागलो, साहेबांचा चेहरा पूर्ववत पडला. समोरच्या वहिनींचं दार बंद झालं ते झालंच. काका जिन्यात माझ्याकडे आशेने बघायचे, "मी रुजू झालो तेव्हा" म्हणून थांबायचे, आणि माझ्या पावलांचा आवाज ऐकून सुस्कारा टाकायचे. थोडक्यात, सगळं पुन्हा माझ्यासारखं झालं.

फक्त बायको दाराची साखळी काढेना. संध्याकाळी मी आलो की ती दार बोटभर उघडायची आणि फटीतून विचारायची, "माझं नाव काय?" मी सांगायचो. मग साखळी निघायची. सुरुवातीला मला राग आला. स्वतःच्या घरात शिरायला तोंडी परीक्षा! पण तिचा फटीतला डोळा बघितला की राग जायचा. मी रोज नाव सांगायचो, जरा नीट, जरा हळू. लग्नानंतर इतक्या वेळा मी ते कधीच घेतलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते आवडू लागलं होतं. जिना चढतानाच मी ते मनात म्हणून बघायचो.

एकदा काका म्हणाले, "हल्ली तुम्ही जिन्यात फार पुटपुटता. आणि दोनदोनदा."

"दोनदोनदा म्हणजे?"

"एकदा वर जाताना. मग थोड्या वेळाने परत, वर जाताना." काका हळूच म्हणाले. "खाली उतरताना मात्र मी तुम्हाला पाहिलेलं नाही."

काकांचं वय झालंय, मी स्वतःला सांगितलं. हे स्पष्टीकरण मी पूर्वी वापरलेलं होतं आणि ते जरा झिजलं होतं.

काल संध्याकाळी मी घरी आलो. दुपारी जेवलो होतो. जिन्याच्या वळणावर थांबून, खिशातल्या पुड्या चाचपून, हात कापत नाहीत ना तेही पाहिलं होतं. दार लोटलेलं होतं. साखळी लागलेली नव्हती. बायको स्वयंपाकघरातून पाठमोरीच म्हणाली, "आलास? हात धू."

"नाव नाही विचारलंस आज?"

ती वळली. हातात पाण्याचा पेला होता, आणि चेहऱ्यावर ते हसू अजून पुरतं विझलेलं नव्हतं.

"मघाशीच तर सांगितलंस," ती म्हणाली. "किती गोड सांगितलंस आज."

आम्ही दोघांनीही मग आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दिवा लागलेला होता. आतून आवाज काही येत नव्हता. कोणी तरी लक्ष देऊन ऐकत असावं, तशी तिथे शांतता होती.

सबब, ज्या कोणाच्या अखत्यारीत हा विषय येत असेल त्यांना सविनय विनंती करण्यात येते की, खाली सही करणार याला स्वतःच्या घरी, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या पत्नीसमवेत, निदान संध्याकाळच्या वेळेत, एकट्याने राहण्याची परवानगी मिळावी. प्रकरणाची चौकशी करताना दुसऱ्या इसमाचे म्हणणे कोणत्याही परिस्थितीत ऐकून घेऊ नये, कारण तो फार गोड बोलतो.